अस्तरातल्या नोटा

सकाळी अकराला थोडा अवकाश असताना बरकतपुऱ्याच्या इंदुमती वसमतकर यांनी बँकेच्या खिडकीवर एक काळी शेरवानी ठेवली. १९५५ च्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. हैदराबादचा जुना हाली रुपया चलनातून जात होता. तो देऊन कलदार, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा रुपया, घेण्याची मुदत संपत आली होती. खिडकीपुढे रांग होती. कुणाच्या हातात थैली, कुणाच्या हातात रुमालाची गाठ, एका म्हाताऱ्याच्या हातात तर नाण्यांनी भरलेला लोटा. शेरवानी मात्र दुसऱ्या कुणी आणलेली नव्हती.

कारकुनाने ती चाचपली. अस्तरात कागद वाजला.

"अम्मा, शेरवानी लेके हम क्या करना? नोटां निकालके लाओ."

"तुमीच निकालो भाई. मेरे हात से नै होता."

"मैं बँक में बैठा हूं अम्मा, दर्जी की दुकान में नै."

रांगेत हशा पिकला. कारकुनाने मान वर करून बाईंच्या तोंडाकडे पाहिले आणि तो हसायचा थांबला. "मियाद नजदीक है अम्मा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "देर नक्को करो."

इंदुमतीबाईंनी बाह्या आत घेऊन शेरवानीची जशीच्या तशी घडी घातली आणि त्या घरी परतल्या.

शेरवानी त्यांच्या यजमानांची, दिगंबररावांची. ते महसूल खात्यात कारकून होते, आणि निजामी अमलात कचेरीला जायचे तर शेरवानी हवीच. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांनी गावाकडचा आपल्या वाट्याचा मळा विकला. दिवस वाईट होते. रझाकारांच्या धास्तीने माणसे गावे सोडत होती, आणि जे विकता येईल ते विकून मोकळे होण्याकडे सगळ्यांचा कल होता. मळ्याचे सात हजार हाली आले, सगळ्या शंभराच्या नोटा. बँकेत ठेवायची दिगंबररावांना भीती वाटत होती, घरात ठेवायची त्याहून जास्त. एका दुपारी त्यांनी दार लावून शेरवानीचे अस्तर उसवले, नोटा आत पसरल्या आणि बायकोला ते शिवून टाकायला सांगितले. इंदुमतीबाईंचा हात शिवणात चांगला. त्यांनी इतकी बारीक टीप घातली, की दिगंबरराव म्हणाले, "आता मलाही सापडायच्या नाहीत!"

ऑगस्टच्या अखेरीस ते आईला आणायला म्हणून काचीगुडा स्टेशनवर नांदेडच्या गाडीत बसले. जाताना अंगात साधा सदरा होता. दारातून एवढेच म्हणाले, "मी आल्याशिवाय शेरवानीला हात लावू नको."

आई गावात वाट बघत राहिली. दिगंबरराव तिथे पोचलेच नाहीत. पुढे पोलीस कारवाई झाली, निजामाचे राज्य गेले, गाड्या वेळेवर धावू लागल्या. इंदुमतीबाईंनी ठाण्यात वर्दी दिली, नांदेडला जाऊन आल्या, परभणीच्या दवाखान्यात चौकशी केली. कुठेही काही कळले नाही. जिवंत असल्याची खबर नाही आणि नसल्याचीही नाही. त्या कुंकू लावत राहिल्या. संक्रांतीला काही घरांतून हळदीकुंकवाचे बोलावणे येई, काही घरांतून येत नसे. बोलावणाऱ्यांचा हात कुंकवाच्या कोयरीशी क्षणभर थांबे, तो त्यांना दिसे.

मुलगी प्रमिला तेव्हा दहा वर्षांची होती. इंदुमतीबाईंनी शिवणाचे यंत्र हप्त्याने घेतले. बरकतपुऱ्यातली पोलकी, नारायणगुड्यातल्या शाळेचे गणवेश, लग्नसराईत परकर, असे मिळेल ते शिवले. प्रमिलाला विषमज्वर झाला तेव्हा पाटल्या विकल्या. शेरवानीला हात लावला नाही. दरवर्षी चैत्रात ती अंगणात उन्हाला घालायची, संध्याकाळी झटकून डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत ठेवायची, एवढाच तिचा न् त्यांचा संबंध.

पैशाबद्दल नवऱ्याला त्यांनी कधी काही विचारले नव्हते. त्यांच्या माहेरी आणि सासरीही तशी रीतच होती. कुठे किती ठेवले आहे हे बायकोने विचारणे म्हणजे त्याच्या माघारी काय, असे विचारणे. ते अभद्र. म्हणून बाई विचारत नसे आणि पुरुष सांगत नसे.

बँकेतून परतल्याला दोन दिवस झाले. रविवार होता. दिगंबररावांचे थोरले भाऊ प्रतापराव शहरातल्याच हिमायतनगराहून आले. तेही सरकारी नोकरीत होते, आणि बँकेतल्या शेरवानीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. त्यांना बसायला खुर्ची दिली आणि इंदुमतीबाई पदर सावरून दाराशी उभ्या राहिल्या. समोरच्या बिऱ्हाडातले हणमंतराव आधीच येऊन बसले होते. हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, दिगंबररावांचे जुने स्नेही. रोज वर्तमानपत्र मागायला येत आणि त्या निमित्ताने चौकशी करून जात.

"इंदू, हाली आता रद्दी होणार," प्रतापराव म्हणाले. "नोटा माझ्याकडे दे. मी बदलून घेतो. सिकंदराबादचा एक भागीदार मिळालाय. लष्कराच्या जुन्या लॉऱ्या लिलावात घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या. वर्षात दुप्पट!"

"दुप्पट कशी, तेवढं सांगा," हणमंतराव म्हणाले. "मला बेरीज-वजाबाकी येते. चमत्कार येत नाहीत."

"तुम्ही पेन्शनीत गेलात, आता तुम्हाला सगळ्यात खोट दिसते."

"खोट काढत नाही हो. विचारतोय. लॉरी विकली गेली नाही तर?"

"जाईल की."

"नाही गेली तर?"

"तर थोडं थांबायचं."

"प्रमिलाची मेडिकलची फी जूनमध्ये भरायची. कॉलेज थांबेल?"

प्रतापराव चिडले. "मी माझेही चार हजार घातलेत त्यात! घरचा माणूस आहे मी, फसवीन का?"

"तुम्ही फसवाल असं कोण म्हणतंय? लॉरीला तुमचं नातं कळत नाही, एवढंच म्हणतोय. लिहून देता का काही? नफा किती टक्के, तोटा कुणाचा, पैसे परत कधी?"

"घरात कसले कागद करायचे!" म्हणून प्रतापरावांनी टोपी घातली. दारात थांबून ते भावजयीला म्हणाले, "विचार कर. मी काय परका आहे?" त्यांच्या आवाजात दुखावल्याचा सूर खरा होता.

ते गेल्यावर इंदुमतीबाईंनी दार लोटून घेतले. मग इंदुमतीबाई म्हणाल्या, "भाऊजींना देणार नाही. पण बदलूनही आणणार नाही मी. ते पैसे माझे नाहीत. यांचे आहेत. मी नुसती राखण करतेय."

"वहिनी, रागावू नका," हणमंतराव म्हणाले, "राखण झाली नाही."

"अहो, एक नोट इकडची तिकडे केली नाही!"

"तेच तर. सात हजार हालीचे सहा हजार कलदार होतात. ते नुसते पोस्टात असते तर सात वर्षांत व्याजाचे हजारावर रुपये त्यात पडले असते. दिगंबरने मळा विकला तेव्हा एवढ्या पैशात हिमायतनगरात जागा घेऊन दोन खोल्या उभ्या राहिल्या असत्या. आज त्यात नुसती जागा तरी येईल का? नोटा तितक्याच राहिल्या, पण त्यांच्यानं होणारं काम कमी झालं. आणि आता मुदत टळली तर तेवढंही नाही. तुम्ही दिगंबरची वाट बघा. ती बघू नका असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. पैशाला कशाला वाट बघायला लावता?"

इंदुमतीबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "मग काय करायचं असतं? मला यातलं काहीच कळत नाही."

"पोलकं बेतता ना? मापाला मापच कापता का कापड?"

"छे. शिवणीत माया सोडावी लागते. अंग भरलं तर उसवून सैल करता येतं."

"झालं तर! आधी तेवढं बाजूला काढा. घरात आजारपण आलं, यंत्र मोडलं, चार महिने काम मिळालं नाही, तर लागेल तेवढं. ते पोस्टाच्या बचत खात्यात. मागाल तेव्हा परत मिळतं. मग बघायचं, कुठला पैसा कधी लागणार. प्रमिलाची फी दरवर्षी लागणार, तारीख ठरलेली. तो पैसा जिथं कमी होण्याची भीतीच नाही अशाच ठिकाणी हवा. व्याज थोडं मिळालं तरी चालेल. आणि जो पैसा दहा-बारा वर्षं लागणार नाही, त्याची सरकारी बचतपत्रं घ्या."

"आणि शेअर का काय म्हणतात ते? हे गिरणीचं काहीतरी बोलायचे."

हणमंतरावांनी वर्तमानपत्राची घडी केली. "घेतले होते त्यानं, गिरणीचे शेअर. मी बरोबर होतो. शेअर वाईट नसतो वहिनी. गिरणीच्या मालकीतला तो छोटासा वाटा. गिरणी चालली तर नफा, नाही चालली तर मुद्दलही जातं. म्हणून त्यात फक्त तेवढंच घालायचं, जे बुडालं तरी चूल बंद पडत नाही. तेही एकाच कंपनीत नाही, आणि ज्या धंद्यातलं आपल्याला काही कळत नाही त्यात तर नाहीच. दिगंबरनं इथवर सगळं शहाणपणानं केलं. चूक एकच केली. एकट्याच्या नावावर घेतले आणि घरात सांगितलं नाही."

"गिरणीचे कसलेसे कागद आहेत ट्रंकेत. ते मिळतील का मग?"

"गिरणीला मीच विचारलं होतं. ते म्हणतात, मालकाची सही आणा. नाहीतर..." ते अडखळले. "माणूस सात वर्षं कुणाला दिसला नाही, त्याची कुठून खबर नाही, तर कोर्ट त्याला गेलेला धरतं. तसा हुकूम आणा म्हणतात. ऑगस्टमध्ये सात वर्षं होतील. अर्ज तुम्हाला करावा लागेल."

"म्हणजे मी लिहून द्यायचं, की हे..."

"हो."

"नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "आणि शेरवानीही उसवणार नाही. आज नोटा काढायच्या, उद्या तो अर्ज. मी येईपर्यंत हात लावू नको म्हणाले होते. हात लावला म्हणजे ते येणार नाहीत हे मीच ठरवलं!"

आतल्या खोलीत प्रमिला अभ्यास करत होती. ती दारात आली. शांत मुलगी, पण तिचा आवाज चढला होता.

"आई, बाबा उद्या आले तर काय विचारतील? शेरवानीची टीप उसवली का, असं विचारतील?"

"तू गप्प बस."

"नक्को, आज नाही बसणार! ते विचारतील, प्रमिला काय करते. तू काय सांगशील? तुमची शेरवानी नीट ठेवली आणि पोरीला घरी बसवली? मला ताप आला तेव्हा पाटल्या विकल्यास. डॉक्टर बाहेर म्हणत होते, पोरगी राहत नाही. मला ऐकू येत होतं, आई! मी मेले असते, तरी ही ट्रंकेत तशीच राहिली असती?"

इंदुमतीबाईंनी मुलीकडे पाहिले. त्या आत गेल्या. ट्रंकेचे झाकण वाजले.

काय ही पाळी! ज्या हाताने नवऱ्याची वस्तू इतकी वर्षे सांभाळली, त्याच हाताने आता ती उसवायची! त्या अंगणात उजेडाला बसल्या, शेरवानी मांडीवर घेतली आणि कात्रीच्या टोकाने पहिला टाका तोडला. टीप त्यांचीच, बारीक. दोरा अजून मजबूत होता, सहज निघेना. शेजारच्या अंगणात कुणीतरी पापड वाळत घालत होते, त्यांनीही हात थांबवला. हणमंतराव वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

नोटा एकेक करून बाहेर आल्या. वरून ऊन मिळाले होते, आत मिळाले नव्हते. बगलेकडच्या नोटांना कसर लागली होती. त्यातल्या काहींची जाळी झाली होती. शेवटची नोट निघाल्यावरही इंदुमतीबाई अस्तरात हात घालून चाचपत राहिल्या.

"काय शोधतेस, आई?"

"काही नाही. वाटलं, दोन ओळी लिहून ठेवल्या असतील."

तसे काही नव्हते. आपण स्वतःच ती शिवली होती, आत नोटांशिवाय काही गेले नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. प्रमिला त्यांच्याशेजारी खाली बसली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघी मायलेकी एकमेकींसमोर रडल्या.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आणि हणमंतराव असे तिघे बँकेत गेले. खिडकीवर तोच कारकून होता. "निकाले अम्मा? अच्छा किए," तो म्हणाला. जाळी झालेल्या नोटा त्याने बाजूला काढल्या, मोठ्या साहेबांना दाखवून आणल्या आणि मान हलवली. त्या घेता येणार नव्हत्या. बाकीच्यांचे कलदार मिळाले. सहा हजारांना बरेच कमी.

तिथून ते पोस्टात गेले. इंदुमतीबाई म्हणाल्या, "खात्यावर आधी यांचं नाव घाला, मग माझं." पोस्टातले बाबू म्हणाले, दोघांची सही लागेल, यजमानांना घेऊन या. हणमंतरावांनी बाबूंना बाजूला नेऊन काही सांगितले. मग खाते इंदुमतीबाई आणि प्रमिला यांच्या नावाने करायचे ठरले. बाबू अर्ज भरू लागले.

"शौहर का नाम? दिगंबरराव?" त्यांनी टाक उचलला. "आगे मरहूम लिखूं क्या?"

मरहूम म्हणजे कैलासवासी. हैदराबादेत हे सांगावे लागत नाही.

"नै," इंदुमतीबाई म्हणाल्या. "खाली नाम लिखो."

बाबूंनी नुसते नाव लिहिले.

त्या संध्याकाळी त्यांनी प्रमिलाला जवळ बसवून सगळे सांगितले. खात्यात किती, बचतपत्रे किती आणि ती कधी पिकणार, फीचे कुठले, ट्रंकेची किल्ली कुठे असते. "मला कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तू समजून ठेव. माझं काय झालं तर, असं मनात आणू नको. आणलंस तरी चालेल. पण ऐकून ठेव." दर महिन्याच्या शिवणाच्या पैशातून थोडे तरी त्या खात्यात टाकू लागल्या. कधी पाच रुपये, कधी दोन.

वाचकहो, अशी शेरवानी तुमच्या-आमच्या घरातही कुठेतरी टांगलेली असेल. कुणाचे पैसे फडताळात असतील, कुणाचे एकाच भागीदाराकडे, कुणाचे एकट्याच्या नावावर. सांभाळून ठेवणे म्हणजे वाढवणे नव्हे. अडीनडीचा पैसा हाताशी ठेवावा, ठरल्या वेळी लागणारा पैसा धोक्यात घालू नये, आणि दूरचा पैसा एका जागी न ठेवता वाटून, समजून गुंतवावा. वर्षात दुप्पट म्हणणाऱ्याला, तो सख्खा भाऊ असला तरी, कसे ते विचारावे. आणि सगळ्यात आधी घरातल्या बाईला जवळ बसवून सांगावे, काय आहे आणि कुठे आहे. असे बोलण्यात अभद्र काही नाही. न बोलण्याने काय होते, ते या घराने पाहिले आहे.

हे लिहीपर्यंतची हकीकत अशी. प्रमिला मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. सिकंदराबादच्या भागीदाराच्या दुकानाला कुलूप आहे. प्रतापरावांचे चार हजार अडकले ते अडकलेच. १९५६ साली हैदराबाद राज्य तुटल्यावर त्यांची बदली औरंगाबादला झाली. गाडी सुटताना त्यांना पोचवायला इंदुमतीबाई स्टेशनवर गेल्या होत्या.

ऑगस्ट १९५५ उलटून गेला. कोर्टाचा अर्ज हणमंतरावांनी लिहून दिला आहे. शेअरचे कागद आणि तो अर्ज ट्रंकेत एकत्र आहेत. चैत्रात शेरवानी उन्हाला घातली तेव्हा इंदुमतीबाईंनी तिचे अस्तर पुन्हा शिवून टाकले, तशाच बारीक टिपेने. आत काही ठेवले नाही.

अर्जावर सही झालेली नाही. दिगंबररावांचा तपास लागलेला नाही.